गावचा आमदार नेमका कुणाचा? (नाव डोंबिवलीच्या यादीत, साकव गावात)

पाखाडी
शिमग्याला गावी गेलो होतो. पालखी अंगणात नाचून पुढच्या घरी गेली, जेवणं उरकली आणि पडवीत जो विषय निघाला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

गाव लांजा तालुक्यात. आमच्या वाडीला जायला मधे पऱ्या (ओढा) आहे, त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल होता. तो गेल्या आषाढात वाहून गेला. तेव्हापासून पोफळीचे दोन वासे टाकलेत, त्यावरून पोरं शाळेत जातात. मी सहज म्हटलं, आमदारांना निवेदन दिलंत का? मोठा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, एकदम भडकला. "निवेदनं तीन दिली. तू मत टाकतोस डोंबिवलीत आणि साकव मागतोस माझ्याकडं. वाडीत मतं किती? बेचाळीस. त्यातली अकरा अंथरुणाला. तुम्हा मुंबईकरांची तीस नावं इकडं असती तर बघ, बांधकामवाले चुना घेऊन आखणी करायला आले असते."

मी 27 वर्षं डोंबिवलीत आहे. घर, घरपट्टी, गणपती, सगळं गावात. आता दादा म्हणतो, नाव इकडं आण. बायको म्हणते, रोजचं पाणी आणि लोकल डोंबिवलीची, मत गावाला कशाला?

तर एक, असं नाव हलवता येतं का? आणि दुसरं, साकव बांधणं हे आमदाराचं काम आहे तरी का? की आपणच त्याला सरपंच करून ठेवलाय?

देवगडी हापूस
पहिल्या बाकावर बसलोय. येऊ द्या.

गजाली मास्तर
निवडणूक शाखेत अव्वल कारकून म्हणून बरीच वर्षं काढली, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो.

लोकप्रतिनिधित्वाचे कायदे दोन आहेत. 1950 चा मतदार यादीचा आणि 1951 चा निवडणूक लढवण्या-घेण्याचा. 1950 च्या कायद्याचं कलम 17 म्हणतं, एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात. कलम 19 म्हणतं, वय 18 पूर्ण आणि तिथला 'सर्वसाधारण रहिवासी' हवा. आणि रहिवासी म्हणजे कोण, हे कलम 20 मध्ये आहे. त्यातलं पहिलंच वाक्य कोकणासाठी लिहिल्यासारखं आहे: केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे घरपट्टीची पावती घेऊन आलात तरी एवढ्यानं भागत नाही.

त्याच कलमात उलट बाजूही आहे. माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास जात नाही. कारखान्यात सहा महिने कामाला गेलेल्या पोराचं नाव कापा म्हणून कुणी हरकत घेतली, तर तो मुद्दा उभा राहतो. पण 27 वर्षं तात्पुरती म्हणायला माझी तरी जीभ रेटणार नाही.

निवृत्त होऊन खरंच गावी राहायला जाल तेव्हा नमुना 8 भरा, त्यात नाव स्थलांतरित होतं. नवीन नावाला नमुना 6, वगळायला नमुना 7. काहीजण डोंबिवलीतलं तसंच ठेवून गावी नमुना 6 भरतात आणि खाली सही करतात की दुसरीकडे नाव नाही. ती खोटी सही कलम 31 खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. आणि दोन्हीकडे मत टाकलंत तर 1951 च्या कायद्याच्या कलम 62 नं दोन्ही मतं बाद. शाई पुसायचे उपाय सांगणारे प्रत्येक वाडीत असतात, त्यांना हे सांगा.

गंमत पुढे आहे. विधानसभेला उभं राहायला मात्र राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात नाव असलं की पुरे. वय 25, अनामत 10,000 रुपये (अनुसूचित जाती-जमातीला निम्मी), मान्यताप्राप्त पक्षाचा असाल तर एक सूचक, नाहीतर दहा, आणि ते सूचक मात्र त्याच मतदारसंघातले. म्हणजे पाखाडी, तुम्हाला राजापूर मतदारसंघात मत टाकता येणार नाही, पण आमदार होता येईल.

देवगडी हापूस
दादाला सूचक करा. वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही तर अनामत जाईल, एवढंच.

पाखाडी
मास्तर, धन्यवाद. दादाला कलम 20 वाचून दाखवलं फोनवर. तो म्हणाला, "कायदा करणारा पऱ्यापलीकडं राहत नसणार."

निवळीचा फाटा
दुसऱ्या प्रश्नावर. साकव बांधणं आमदाराचं घटनेतलं काम नाही. त्याची कामं तीन: कायदे करणं, अर्थसंकल्प मंजूर करणं, सरकारला जाब विचारणं. बाकी सगळं आपण चिकटवलेलं. माझ्या ओळखीतल्या एका माजी आमदारांची डायरी मी पाहिली आहे, मे महिन्यात रोजची चार लग्नं, दोन पूजा, एक दहावं. त्यात लक्षवेधी (सभागृहात मंत्र्याकडून उत्तर मागणारी सूचना) कधी लिहायची?

आमदार निधी वर्षाला पाच कोटी, त्यातला एक रुपयाही आमदाराच्या हातात येत नाही. तो शिफारशीचं पत्र देतो. पुढं जिल्हा नियोजन, मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. पत्र आणि साकव यांच्यामधे एवढी टेबलं असतात. आमच्याकडे पत्राची प्रत व्हॉट्सॲपवर आली की काम झालं म्हणून बॅनर लागतो. बॅनर फाटून जातो, टेबलं तिथंच.

रापणकर
निवळीकरांनु, कायदे करूचा काम कागदावरचा वाटता तुमका. आमका ता समुद्रात दिसला.

आमी मालवणचे रापणकर, किनाऱ्यार जाळा वढून मासे धरणारे. पर्ससीन (घेरून वढूचा मोठा जाळा) आणि एलईडीचो उजेड टाकणारे बोटवाले येवन मासो खरवडून नेतत ही गजाल काय नवी नाय. सागरी मासेमारीचो राज्याचो कायदो 1981 चो. दंड इतको बारीक की धनी खिशातसून काढून देय आणि रात्री परत जाळा टाकी. त्येच्यासाठी मोर्चे झाले, होडये आडये घातले. 2021 साली कायद्यात बदल झालो. दंड लाखांत गेलो. आधी सुनावणी तहसीलदाराकडे होय, ती मत्स्यव्यवसायच्या अधिकाऱ्याकडे इली. ह्या खयच्या सरपंचान नाय केल्यान, ह्या विधिमंडळात झाला. म्हणान मी म्हणतंय, आमदार लग्नाक नाय इलो तरी चलात, सभागृहात तोंड उघडूक होया.

आता कायदो झालो म्हणान मासो परत इलो काय? गस्तीची बोट असली तर दंड. आणि 12 सागरी मैलांच्या भायर राज्याचो कायदो चलणा नाय, थय केंद्र. माशाक मैल कळत नाय ह्यो आमचो प्रॉब्लेम.

निवळीचा फाटा
रापणकर, मान्य. माझं वाक्य कोरडं होतं.

बांद्याचो झील
मी बांद्याचा, नोकरी म्हापशाला. रोज सीमा ओलांडतो म्हणून हे रोज दिसतं. गोव्यात आमदार 40. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 14 लाख 58 हजार. म्हणजे एका आमदारामागे साधारण साडेछत्तीस हजार माणसं. आमच्या सिंधुदुर्गात 8 लाख 49 हजार माणसं आणि आमदार तीन: कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. एकामागे 2 लाख 83 हजार. सावंतवाडीच्या आमदाराला वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून दोडामार्गातल्या घाटापर्यंत फिरायचं. गोव्यात माझा सहकारी आमदाराला बाजारात मासळी घेताना गाठतो.

घटनेत विधानसभा किमान 60 ची हवी, पण गोव्यासाठी कलम 371-झ खाली 30 ची मुभा आहे. विधान परिषद तिथं नाहीच.

अवांतर: राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र आपल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175, गोव्याच्या आमदाराचं 20. ते अजून 1971 च्या लोकसंख्येवर मोजतात.

देवगडी हापूस
175 चा आमदार दिसत नाही आणि 20 चा बाजारात भेटतो. बांगडेही तिकडेच स्वस्त आहेत का?

दाभोळखाडी
झीलनी आकडे काढलेच आहेत तर पुढचं गणित मांडतो. मला या धाग्यातला खरा धोका इथं दिसतो.

2009 च्या निवडणुकीपासून आपल्याकडे खेड, संगमेश्वर, मालवण या नावांचे विधानसभा मतदारसंघ उरले नाहीत. खेड तालुका दापोली आणि गुहागर यांच्यात वाटला गेला, मालवण कुडाळात गेलं, साखरपा राजापूरला जोडला. मतदारसंघांची ती पुनर्रचना 2001 च्या जनगणनेवर झाली होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा 9 कोटी 69 लाख, जागा 288, म्हणजे एका जागेमागे 3 लाख 36 हजार. रत्नागिरी जिल्हा 16 लाख 97 हजार, भागाकार बरोबर पाच. सिंधुदुर्ग 8 लाख 69 हजार, भागाकार अडीचच्या वर, तीन मिळाल्या.

आता 2011. राज्य 11 कोटी 24 लाखांवर गेलं. रत्नागिरी कमी होऊन 16 लाख 15 हजार, सिंधुदुर्गही कमी होऊन 8 लाख 49 हजार. जागा 288 च धरल्या तर एका जागेमागे 3 लाख 90 हजार. रत्नागिरीला चार, सिंधुदुर्गाला दोन. आठाचे सहा. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. घटनेनं जागांचं फेरवाटप 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलं आहे, म्हणजे ही जनगणना झाली की कुलूप निघतं. एकूण जागा वाढवल्या तर संख्या कदाचित राहील, पण सभागृहातला आपला वाटा तेवढाच आकसलेला असेल.

पाखाडींच्या दादांचं दुखणं म्हणूनच तीस मतांपुरतं नाही. माणूस जातो, त्याच्यामागून मत जातं, मतामागून मतदारसंघ जातो. डोंबिवलीत जी माणसं वाढली त्यात लांज्याची किती, कुणी मोजलीत? ठाण्या-कल्याणच्या जागा आपल्याच माणसांनी वाढवल्या.

आणि नैसर्गिक न्यायानं बघायचं तर हे चूकही नाही, हीच अडचण. एक माणूस एक मत म्हटलं की कातळाला मत नाही, खाडीला नाही, पऱ्याला नाही. पण दहा वाड्यांचं गाव, प्रत्येक वाडीला वेगळा रस्ता, वेगळा साकव, वेगळी नळयोजना. घाटावर एका गावठाणात हजार माणसं एका पाराभोवती असतात. इथं हजार माणसांना पाच डोंगर लागतात. हे अंतर भागाकारात धरलं जात नाही.

बांद्याचो झील
+1. शेवटचा परिच्छेद आमच्या आमदाराने सभागृहात वाचावा.

देवरुखची लेक
बरेच दिवस वाचतेय, आज लिहिते. दाभोळखाडींच्या आकड्यांत एक आकडा राहिला. 2011 ला रत्नागिरी जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1122 बाया. पुरुष मुंबईत, म्हणजे इथं रांगेत उभं राहणारं मत बाईचं आहे. धाग्यात सगळे दादा, काका, मास्तर. मतदान करणाऱ्या काकी कुठं आहेत?

निवडणुकीच्या आदल्या रात्री काय होतं ते सांगते. मुंबईहून फोन येतो. गावच्या मुंबई मंडळाची बैठक परळला नाहीतर नालासोपाऱ्याला झालेली असते, तिथं ठरतं, आणि तिथून वाडीला चिन्ह कळवलं जातं. ज्यांचं नाव इथं नाही ते ठरवतात, आणि ज्यांची नावं इथं आहेत त्या हो म्हणतात. पैसे पाठवणाऱ्याचा शब्द मोडायचा कसा? आमच्या सासूबाई फोनवर "बरं" म्हणायच्या आणि केंद्रात जाऊन आपल्या मनाचं बटण दाबायच्या. सात सेकंद काचेतून चिठ्ठी दिसते, तेवढं त्यांचं स्वतःचं. कुणाला टाकलं ते मेल्यावरही कळलं नाही आम्हाला.

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीनं विधानसभेत एक तृतीयांश जागा बायांना राखीव होणार आहेत, पण त्या जनगणना आणि पुनर्रचनेनंतरच. म्हणजे ज्या पुनर्रचनेत कोकणाच्या जागा जायची भीती, त्याच पुनर्रचनेतून बाईची जागा येणार. तुम्ही घाबरा हवं तर, मी अर्धीच घाबरते.

पाखाडी
ताई, फोनवाल्या बैठकीत मीही बसलोय. खोटं कशाला बोलू.

गजाली मास्तर
देवरुखच्या ताईंना एक सांगतो. 85 च्या वरचे आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले मतदार घरून मत देऊ शकतात. नमुना 12-घ, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरून द्यावा लागतो. पाखाडींच्या वाडीतली अंथरुणावरची अकरा मतं म्हणून वाया जायला नकोत. कर्मचारी पऱ्या ओलांडून येतील, तेव्हा साकव नसल्याचं सरकारी पंचनाम्याशिवाय सरकारला कळेल.

गुरुजी पोलादपूरचे
आमच्याकडे आमदार म्हटलं की दुसरेही असतात, त्यांची आठवण कुणी काढली नाही. विधान परिषदेत 78 जण, त्यांत सात पदवीधरांचे, सात शिक्षकांचे, बारा राज्यपालनियुक्त, बाकीचे विधानसभा सदस्यांनी आणि स्थानिक संस्थांनी निवडलेले. मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त. कोकण पदवीधर मतदारसंघ पालघरपासून दोडामार्गापर्यंत. इथं यादी प्रत्येक वेळी कोरी करून नव्यानं करतात, नमुना 18. मागच्या वेळी भरला होता म्हणून स्वस्थ बसलेले माझे अर्धे विद्यार्थी मतदानाला गेले नि नाव नाही म्हणून परत आले. यंत्र नसतं, कागदी मतपत्रिका. त्यांनीच दिलेल्या जांभळ्या पेननं पसंतीचा आकडा घालायचा. एक गृहस्थ बरोबरची खूण करून आले होते. गणिताचेच शिक्षक. मत बाद.

चवदार
मी महाडचा. "आमदार कुणाचा" या शीर्षकावर दोन जुन्या गोष्टी.

1923 साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाणी मिळालं नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब माणसांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा तो ठराव त्यांच्या बाजूनं उभा होता. रापणकरांच्या गस्तीच्या बोटीसारखंच आहे हे. कायदा एका बाजूनं, माणसं दुसऱ्या बाजूनं, दोन्ही लागतात.

दुसरी. 17 सप्टेंबर 1937 ला बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. खोती म्हणजे आपल्या कोकणातली, शेतसारा गोळा करणाऱ्या खोतांची पद्धत. रत्नागिरीतल्या कुळाच्या घामाचं भात खोताच्या कोठारात जायचं, ते थांबवायला. आणि ते निवडून आले होते कुठून? भायखळा-परळ. मतदारसंघ गिरणगावातला, विधेयक गावाकडचं. जानेवारी 1938 मध्ये कोकणातली कुळं कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेली. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही, खोती कायद्यानं जायला 1949 उजाडलं. पण चाकरमान्यानं निवडलेला आमदार गावचा प्रश्न मांडू शकतो, हे आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वीच करून दाखवलेलं आहे.

राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्याबद्दल कुठलाही आमदार तारांकित प्रश्न (मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) विचारू शकतो. पाखाडी, डोंबिवलीतल्या तुमच्या आमदाराला कधी भेटलात?

पाखाडी
नाही. 27 वर्षांत एकदाही नाही. वर्गणी मागायला कार्यकर्ते येतात तेवढेच.

निवळीचा फाटा
चवदार, सुरेख. मात्र साकवासाठी तारांकित प्रश्न लागायचा म्हणजे तलवारीनं कोथिंबीर चिरणं. आधी त्या तीन निवेदनांचं काय झालं ते बघा. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. काम कुठल्या टेबलावर आहे तेवढंच विचारा, निबंध लिहू नका.

देवगडी हापूस
प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (दहा रुपयांत साकव, असा विनोद केला होता. नको.)

पाखाडी
*(साधारण दोन महिन्यांनी)*
धागा वर काढतोय. उत्तर आलं.

आमदारांचं शिफारस पत्र गेलंय, मागच्या वर्षीच. काम यादीत आहे. अंदाजपत्रकही झालंय. अडकलंय कशावर? पलीकडच्या बाजूला साकवाचा पाया ज्या जमिनीत येतो तिच्या सहहिस्सेदारांच्या संमतीपत्रावर. सातबारा सामाईक. नावं चौदा. तीन वारलेली, त्यांचे वारस लागलेले नाहीत. गावात राहणारे चार, त्यांनी सह्या केल्यात. उरलेले सातजण मुंबई, ठाणे, डोंबिवली.

डोंबिवलीचा मी.

आमच्या आजोबांच्या वाटणीचा तुकडा आहे तो, मला पत्ताच नव्हता. संमतीची नोटीस गावच्या पत्त्यावर गेली होती. दादाने ती देव्हाऱ्याखाली ठेवली, मे महिन्यात सगळे येतील तेव्हा दाखवू म्हणून. मे महिन्यात लग्नं होती.

मतदार यादीतलं नाव हलवत नाही. इथंच ठेवतो, आणि चवदार म्हणाले तसं इथल्या आमदारांची वेळ मागितली आहे, कोकण रेल्वेच्या गाड्यांबद्दल विचारायचंय. संमतीपत्राचा कागद कालच नोटरी करून पाठवला. बाकीच्या सहांना फोन चालू आहेत. एक चुलतभाऊ नालासोपाऱ्याचा, तो म्हणतो आधी आंब्याच्या कलमांचा हिशेब कर, मग सही.

रापणकर
कलमांचो हिशेब मेरेन पावस पडात. पोफळीचे वासे बदलून घेवा आधी. गेल्या वर्षीचे आतून कुजले आसतले.

पाखाडी
दादाला सांगितलं. तो म्हणतो दोन नाही, तीन टाकतो, तू गणपतीला सामान घेऊन येशील तेव्हा वजन जास्त असतं.